डिझेल इंजिनाचा चुकणारा ठोका : घरचे घरीं करावयाची परीक्षा

उसाला पाणी चालू असतां, अथवा कांद्याचे निम्मे वाफे भिजून निम्मे कोरडे राहिले असतां, विहिरीवरील इंजिनानें एकाएकीं अडखळूं लागावें, हा प्रसंग ज्याच्यावर गुदरला नाहीं असा बागायतदार विरळाच. विजेचे व सौर पंप आज पुष्कळ ठिकाणीं पोहोंचले आहेत. तरी जेथें तार गेली नाहीं तेथें, नदीकांठच्या उपशावर, आणि ट्रॅक्टरच्या रूपानें तर बहुतेक प्रत्येक गांवीं, डिझेल इंजिन हें शेतकऱ्याचें नित्याचें साधन आहे. तें साफ बंद पडलें तर मालकास हातपाय हालविणें भागच पडतें. परंतु तें चालत राहून मधूनमधून ठोका चुकवूं लागलें, म्हणजे "अजून ओढतें आहे ना" असें म्हणून मालक दिवस काढतो, आणि खरें नुकसान येथेंच होतें. असें इंजिन डिझेल जास्त खातें, पाणी कमी फेंकतें, आणि जो दोष एका तांब्याच्या वायसराच्या किंमतींत निघाला असता, त्याच दोषानें पुढें पिस्टनचा माथा जळून मोठा भुर्दंड पडतो.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. यंत्रविद्येचें शास्त्रोक्त शिक्षण त्यास मिळालेलें नाहीं. तथापि घरचें पाण्याचें इंजिन व ट्रॅक्टर यांची देखभाल करतांना असें दिसून आलें कीं, कचेरींत तक्रारीची चौकशी करण्याची जी रीत आहे, तीच यंत्रासही लागू पडते. तक्रार येतांच निकाल देऊं नये. आधीं स्थळपाहणी, मग जबाब, आणि शेवटीं निर्णय. गांवोगांवचे कारागीर हुशार असतात, पण ऐन हंगामांत त्यांच्यामागें दहा ठिकाणचीं बोलावणीं असतात. अशा वेळीं चौकशीस फांटा देऊन "नोझल गेलें, पंप गेला" असें म्हणून सुटे भाग बदलले जातात. भाग नवे येतात आणि दोष जुनाच राहतो. म्हणून मालकानें स्वतः प्राथमिक परीक्षा करून ठेवावी, म्हणजे कारागिरासही काम सोपें होतें व पैसाही वांचतो.

१. ठोका कशानें पडतो

डिझेल इंजिनांत पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणें ठिणगी नसते. पिस्टन वर जातांना आंतील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्श्याइतकी दाबली जाते, आणि त्या दाबानेंच ती ५०० अंश सेंटिग्रेडच्याही वर तापते. त्याच क्षणीं नोझलमधून डिझेलचे सूक्ष्म तुषार आंत उडतात व आपोआप पेट घेतात. जर्मन इंजिनीयर रुडॉल्फ डिझेल यानें या तत्त्वावरील इंजिन १८९७ सालीं ऑग्सबर्ग येथें यशस्वी रीतीनें चालवून दाखविलें. त्या वेळीं इंधन आंत ढकलण्यासाठीं दाबलेल्या हवेचा वेगळा सरंजाम लागे, त्यामुळें तें यंत्र अवजड होतें. पुढें १९२७ सालीं श्टुटगार्टच्या बॉश कारखान्यानें इंधन दाबून सोडणारे पंप मोठ्या प्रमाणावर काढूं लागल्यानंतर लहान व हलकीं इंजिनें सुलभ झालीं. आपल्याकडे १९४६ सालीं पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली, आणि महाराष्ट्राच्या विहिरींवर तिचीं इंजिनें सर्वपरिचित झालीं.

पंप व नोझल यांचें काम किती नाजूक आहे हें हिशेबानें पाहूं. पांच अश्वशक्तीचें इंजिन मिनिटास १५०० फेरे घेतें. दर दोन फेऱ्यांस एक ठोका, म्हणजे मिनिटास ७५० व तासास ४५,००० ठोके झाले. पूर्ण भारावर असें इंजिन तासास सुमारें एक लिटर डिझेल घेतें. तेव्हां एका ठोक्याच्या वांट्याला येणारें डिझेल पाण्याच्या एका थेंबाच्या निम्म्याहूनही कमी! एवढेंसें इंधन नेमक्या वेळीं, बारीक धुक्याच्या रूपानें, चौरस सेंटिमीटरास सुमारें २०० किलो इतक्या दाबानें आंत जावें लागतें. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांत शेतकामाच्या वेळीं हवेचा दाब सुमारें एक किलो असतो, यावरून या दाबाची कल्पना यावी.

सारांश, ठोका नीट पडण्यास तीन गोष्टी हव्यात : पुरेशी व पुरेशी दाबलेली हवा, स्वच्छ व अखंड मिळणारें इंधन, आणि तें वेळेवर व तुषाररूपानें सोडणारें नोझल. ठोका चुकला तर यांपैकीं कोणती तरी एक चुकली आहे. सोप्या व बिनखर्ची कारणाकडून अवघड व खर्चाच्या कारणाकडे जावें, हाच चौकशीचा क्रम.

२. स्थळपाहणी : पाना हातीं घेण्यापूर्वीं

प्रथम कांहीं न उघडतां इंजिन केव्हां चुकतें हें पाहावें. थंड असतांनाच चुकून तापल्यावर सुधारतें काय? भार नसतां ठीक व भारावर चुकतें काय? अर्धा तास बरें चालून मग हळूहळू मरगळतें आणि थोडा वेळ थांबविल्यास पुन्हां चालूं लागतें काय? चूक ठराविक तालावर होते, कीं वाटेल तेव्हां? एका विशिष्ट सिलिंडराचा दोष असेल तर चूक बहुधा तालांत होते. इंधनांत हवा किंवा पाणी असेल तर ती अनियमित होते.

दुसरा साक्षीदार धूर. काळा धूर म्हणजे डिझेल पुरतें जळत नाहीं : हवेची गाळणी चोंदलेली, नोझल थेंब गाळीत असलेलें, अथवा भार शक्तीबाहेरचा. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळतांच बाहेर पडतें आहे : दाब कमी, वेळ चुकलेली किंवा नोझल बिघडलेलें. हिंवाळ्यांत सकाळीं इंजिन सुरू करतांना थोडा पांढरा धूर येऊन तो लवकरच नाहींसा होतो, त्याची चिंता नको. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगण जळतें आहे. तेथें नोझलला दोष देऊं नये.

तिसरा साक्षीदार वंगणाची कांडी. वंगणाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तें पातळ झालें असलें व त्यास डिझेलचा वास आला, तर डिझेल कोठून तरी खालीं उतरत आहे : गळक्या नोझलमधून, अथवा पंपाच्या सदोष बंदिस्तीमधून. अशा स्थितींत इंजिन पुढें चालवूं नये. पातळ वंगणानें बेअरिंगें जातात.

ही सर्व पाहणी मोकळ्या जागीं करावी. छपराचीं दारें लावून इंजिन चालविणें जिवावर बेततें, कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा वायु दिसत नाहीं, त्यास वासही नसतो, आणि माणूस सावध होण्यापूर्वींच बेशुद्ध होतो.

३. हवा, पाणी आणि टाकी

हवेची गाळणी काढून पाहावी. उन्हाळ्यांत नांगरटीच्या व मळणीच्या धुळींत ती थोड्याच दिवसांत भरते. तेलाच्या वाटीची गाळणी असेल तर वाटींतील चिखल काढून नवें तेल खुणेपर्यंतच घालावें.

मग टाकीचें झांकण. त्यास एक बारीक भोंक असतें. तें मातीनें बुजलें कीं टाकींतील डिझेल जसजसें कमी होतें, तसतशी आंत पोकळी होऊन डिझेल उतरेनासें होतें. अर्धा तास चालून मरगळणाऱ्या इंजिनाचें झांकण सैल करून पाहावें. तेवढ्यानेंच तें सुधारलें तर रोग सांपडला. आमच्या शिवारांतील एका ट्रॅक्टरवर याच तक्रारीसाठीं दोन नोझलें नवीं बसविलीं गेलीं होतीं. शेवटीं उपाय झाला तो झांकणाचें भोंक टांचणीनें मोकळें करण्याचा.

इंधनाच्या गाळणीच्या तळाचा स्क्रू सोडून थोडें डिझेल कांचेच्या भांड्यांत घ्यावें व दहा मिनिटें स्थिर ठेवावें. पाणी असेल तर तें खालीं वेगळें दिसतें. कॅनमधून टाकींत ओततांना शेवटचें बोटभर डिझेल कॅनमध्येंच राहूं द्यावें, कारण गाळ व पाणी तेथेंच बसतात. डिझेलमध्यें रॉकेल मिसळण्याची काटकसर मात्र कोणी करूं नये. पंपाच्या व नोझलच्या बारीक भागांना डिझेल हेंच वंगण आहे. रॉकेलानें तें वंगण कमी पडतें व भाग झिजतात.

आतां हवा धरण्याची गोष्ट. डिझेल दाबलें जात नाहीं, पण हवा दाबली जाते. म्हणून नळींत हवेचा बुडबुडा राहिला कीं पंपाचा सारा जोर तो बुडबुडा दाबण्यांत जातो व नोझल उघडत नाहीं. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. पाण्याच्या इंजिनाची टाकी वर असते, डिझेल आपल्या भारानें खालीं येतें. तेथें जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकतें व दोष दिसतो. ट्रॅक्टरची टाकी व ओढता पंप यांमधील नळींत मात्र ओढ असते. तेथील सैल जोडांतून डिझेल बाहेर येत नाहीं, उलट हवा आंत शिरते, आणि बाहेरून सर्व कोरडें व निर्दोष दिसतें. त्या ठिकाणीं थोडा वेळ पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवावें. बुडबुडे जातांना डोळ्यांनीं दिसतात. जोड आवळून, फाटके वायसर बदलून, मग हवा काढावी : आधीं गाळणीवरचा स्क्रू, नंतर पंपावरचा, आणि शेवटीं नोझलकडील नट. प्रत्येक ठिकाणीं फेंस जाऊन अखंड धार येईपर्यंत थांबावें, मगच तो स्क्रू आवळावा.

बऱ्याच तक्रारी येथेंच मिटतात. त्या न मिटल्या तरच पुढें जावें.

४. एक इशारा

पुढील परीक्षेपूर्वीं एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. नोझलच्या तुषारापुढें हात, बोट किंवा तोंड कदापि आणूं नये. तो तुषार कातडी भेदून मांसांत शिरतो. जखम सुईच्या टोंचणीएवढी दिसते, दुखतही फारसें नाहीं, म्हणून माणूस हळद लावून घरीं बसतो. आणि कांहीं तासांत आंतील मांस सडूं लागून बोट किंवा हात कापण्याची पाळी येते. असें झाल्यास वेळ न दवडतां शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें आणि "दाबानें डिझेल आंत शिरलें आहे" असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें. गळती शोधावयाची तर पुठ्ठ्याच्या तुकड्यानें शोधावी, बोटानें नव्हे. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि जवळ विडी-काडी अथवा चूल नसावी.

५. दोष कोणत्या सिलिंडरांत

तीन किंवा चार सिलिंडरांच्या ट्रॅक्टरवर दोषी सिलिंडर शोधण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली : रात्रभर थंड झालेलें इंजिन सुरू करून एक-दोन मिनिटांत प्रत्येक सिलिंडराच्या धुराच्या तोंडाजवळ पाण्याचा एकेक थेंब टाकावा. जेथें थेंब चटकन सुकत नाहीं, तो सिलिंडर पेटत नाहीं.

दुसरी, जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनासाठींच : इंजिन मंद चालत असतां एका नोझलच्या नळीचा नट फडकें गुंडाळून सुमारें अर्धा फेरा सैल करावा. त्या सिलिंडराचें इंधन तुटतें. इंजिन आणखी अडखळलें, तर तो सिलिंडर काम करीत होता. नट आवळून पुढच्याकडे वळावें. नट सैल करूनही आवाजांत फरक पडला नाहीं, तर काम न करणारा तोच.

दोषी सिलिंडर सांपडला म्हणून त्याचें नोझलच दोषी असें लगेच समजूं नये. त्याचें नोझल काढून शेजारच्या चांगल्या सिलिंडरावर बसवावें व तेथील इकडे आणावें. चूक नोझलबरोबर शेजारीं गेली, तर नोझल दोषी. चूक जागेवरच राहिली, तर नोझल निर्दोष असून पंप किंवा हवेचा दाब यांची चौकशी करावी. ही अदलाबदल म्हणजे जणूं साक्षीदारांना समोरासमोर उभें करणें होय. एकाच सिलिंडराच्या इंजिनावर त्याच क्रमांकाचें चांगलें नोझल कोणाकडून तरी घटकाभर मागून आणावें.

६. नोझलची परीक्षा

नोझल काढण्यापूर्वीं भोंवतालची माती ब्रशनें व डिझेलनें धुवून काढावी, आणि काढल्यावर भोंकांत स्वच्छ फडकें बसवावें. त्याच्या बुडाखालील तांब्याचा वायसर प्रथम पाहावा. तेथें काजळी दिसली, किंवा इंजिन चालतांना फुस्स असा आवाज येत होता, तर वायसरच गळत आहे. नवा वायसर घालावा. तो न मिळाल्यास जुना सपाट असेल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यांत विझवावा, म्हणजे मऊ होतो. जुना वायसर आंत चिकटून राहिला असतां त्यावर नवा घालूं नये, नाहीं तर नोझल उंच बसून तुषार चुकीच्या जागीं पडतो.

नंतर नोझल त्याच्याच नळीला इंजिनाबाहेर, तोंड माणसांपासून दूर करून जोडावें व हॅंडल फिरवून पाहावें. तालुक्याच्या गांवीं हातानें चालणारें तपासणीयंत्र असतें, त्यावर दाबही मोजतां येतो. चांगल्या नोझलमधून प्रत्येक भोंकांतून सारखें, बारीक धुकें सुटतें, कर्र-कर्र असा तुटक आवाज येतो, आणि तुषार थांबतांच टोंक कोरडें राहतें. एका बाजूस धार, एखादें भोंक बंद, अथवा टोंकाशीं लोंबणारा थेंब हीं बिघाडाचीं लक्षणें. लोंबणारा थेंब सर्वांत वाईट. तो अवेळीं जळून पिस्टनचा माथा भाजतो, किंवा न जळतां भिंतीवरून ओघळून वंगणांत उतरतो.

काजळी पितळी तारांच्या ब्रशनें, स्वच्छ डिझेलमध्यें बुडवून काढावी. पॉलिश कागद किंवा चाकू लावूं नये. भोंकें मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असतात. तीं साफ करण्यास त्याच कामाची बारीक तार लागते, शिवणाची सुई नव्हे. आंतील सुई व तिचें घर हीं कारखान्यांत एकमेकांवर घासून जुळविलेलीं असतात. त्यांमधील फट माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून एका नोझलची सुई दुसऱ्यांत कधींही घालूं नये. डिझेलमध्यें भिजविलेली सुई घरांत थोडी वर ओढून सोडली असतां आपल्या भारानें अडखळल्याविना खालीं सरकली पाहिजे. सुई अडकते, निळी पडली आहे किंवा ओरखडली आहे असें दिसल्यास सुई व घर जोडीनेंच नवीं घ्यावीं. उघडण्याचा दाब इंजिनाच्या पुस्तकांत दिलेला असतो. तो यंत्रावरच लावून घ्यावा, अंदाजानें स्क्रू पिळूं नये.

७. नोझल निर्दोष ठरल्यास

तेव्हां दाबाकडे वळावें. हॅंडलच्या इंजिनावर दाब मोकळा करणारी कळ खालीं ठेवून हॅंडल हळू फिरवावें. चांगलें इंजिन दाबाच्या जागीं हाताला जोराचा अडथळा देतें. हॅंडल सहज पलीकडे गेलें तर हवा कोठून निसटते तें कानानें ऐकावें : धुराच्या नळकांड्यांत फुसफुस आली तर धुराची झडप, हवेच्या गाळणींत आली तर हवेची झडप, आणि वंगण घालण्याच्या तोंडाशीं आली तर रिंगा झिजल्या. रेडिएटरमध्यें बुडबुडे आले तर हेडचें पॅकिंग गेलें. झडपांच्या टॅपेटची फट प्रथम तपासावी. ती मुळींच नसेल तर झडप पूर्ण बसत नाहीं, आणि फट पुस्तकाप्रमाणें लावतांच पुष्कळदा दाब परत येतो.

इंधन, नोझल व दाब हीं तिन्ही ठीक असतील, तरच पंपावर बोट ठेवावें. पंप घरीं उघडूं नये. त्याचें माप व वेळ हीं यंत्रावरच जुळतात. परंतु इतकी चौकशी पुरी करून पंप कारखान्यांत नेणारा मालक काय दुरुस्त करावयाचें हें सांगूं शकतो.

८. नव्या ट्रॅक्टरांविषयीं

५० अश्वशक्तीच्या वरील ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. त्यामुळें त्या वर्गांतील अनेक नव्या ट्रॅक्टरांत सर्व नोझलांना एकाच सामायिक नळींतून डिझेल मिळतें, आणि नोझल विजेच्या इशाऱ्यावर उघडतें. तेथील दाब १००० किलोच्याही वर जातो व इंजिन थांबविल्यावरही कांहीं काळ टिकतो. अशा इंजिनावर नट सैल करण्याची वरील परीक्षा पूर्णपणें वर्ज्य समजावी. मालकानें गाळणी वेळेवर बदलावी, पाणी काढावें, तारांचे जोड व बॅटरीचीं टोकें घट्ट व स्वच्छ आहेत हें पाहावें, आणि फलकावर उमटणारा दोषाचा क्रमांक लिहून घेऊन कारागिरास कळवावा. त्यापुढचें काम त्या कामाच्या माणसाचें.

९. नोंदवही

शेवटीं एक सूचना, ती दप्तरी माणसाची संवय म्हणून वाचकांनीं सोडून देऊं नये. जमिनीला जसा सात-बारा, तशी इंजिनाला एक वही असावी. किती तास चाललें, वंगण केव्हां बदललें, गाळणी केव्हां बदलली, नोझल केव्हां तपासलें व कोणत्या दाबावर लावलें, एका तासास डिझेल किती लागलें, हें तारखेनिशीं लिहावें. तासाचें डिझेल हळूहळू वाढूं लागलें, तर ठोका चुकण्याच्या कितीतरी आधीं वहीच दोषाची वर्दी देते. पेरणीपूर्वीं, पाणी सुरू होण्यापूर्वीं, एक दिवस या परीक्षेसाठीं राखून ठेवावा. त्या दिवशीं एखादा वायसर व गाळणी एवढाच खर्च झाला, तर ऐन हंगामांतील पाण्याची एक पाळी वांचली असें खुशाल समजावें.